चढावर ओढ कमी पडणारी कार्ब्युरेटरची गाडी

प्रश्न: माझी 1997 सालची, कार्ब्युरेटर असलेली तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते, मात्र खंबाटकीच्या चढावर थोडे अंतर गेल्यावर तिची ओढ कमी होते आणि काही मिनिटे थांबल्यास ती पुन्हा नीट चढते. प्लग व एअर फिल्टर नवे आहेत. गॅरेजमध्ये थेट इंजिनकाम सुचवले आहे. त्याआधी काय तपासावे?

उत्तर १: थांबल्यावर ओढ परत येते, ही सर्वांत मोलाची खूण आहे, कारण झिजलेल्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा व्हॉल्व्ह काही मिनिटांत बरे होत नाहीत. चढावर पेट्रोल जास्त लागते, पुरवठा अपुरा पडल्याने फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल साठवणारा छोटा कप्पा) रिकामा होत जातो आणि थांबल्यावर तो पुन्हा भरतो, असा माझा अंदाज आहे. आधी पेट्रोल फिल्टर बदलावा, मग पेट्रोल पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) आणि टाकीतील जाळी पाहावी. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असले तरी हेच घडते. त्रास होताच झाकण उघडून पाहावे; लगेच ओढ परत आली, तर दोष त्या छिद्राचा.

उत्तर २: सहमत आहे. रबरी नळ्याही तपासाव्यात, कारण 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते व खराब होते. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग) अशीच लक्षणे दाखवते. इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घ्यावेच. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर आकडा वाढला, तर दोष रिंगांकडे असण्याची शक्यता अधिक.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. झाकणापासूनच सुरुवात करतो.