मराठीला कुठलाही कीबोर्ड चालतो, हे मला मान्य नाही

अनुवादिनी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर मनमाडकरांनी लिहिलं की कीबोर्ड बिघडला तर चारशे रुपयांचा कुठलाही उचलावा, मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) हे गेम खेळणाऱ्या पोरांचं फॅड आहे आणि मराठी टाइप करणाऱ्याला तर त्याने काडीचा फरक पडत नाही. शेवटचं वाक्य दोन दिवस झोंबतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षं अनुवादाचं काम करते, सगळं इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीवर. रोज दोन-अडीच हजार शब्द होतात. आता 'आणि' हा साधा शब्द घ्या. आ म्हणजे शिफ्ट आणि ई, ण म्हणजे शिफ्ट आणि सी, मग एफवर वेलांटी. तीन ठोक्यांत दोनदा शिफ्ट, आणि दोन्ही वेळा उजवी. कारण ऋ सोडला तर अ पासून औ पर्यंत सगळे स्वर डाव्या हाताखाली आहेत, म्हणजे शिफ्ट दाबायचं काम उजव्या करंगळीचं. त्याच करंगळीच्या वाट्याला च, ट, ड आणि य. 'डॉक्टर' लिहिताना ड, बॅकस्लॅशवरचा अर्धचंद्राचा काना आणि ट, तिन्ही तिनेच मारायचे. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही कोपऱ्यातली बटणं दिवसातून चार वेळा लागत असतील. मला दर ओळीला लागतात.

माझा आत्ताचा कीबोर्ड साडेचारशेचा. पाचव्या महिन्यात उजवी शिफ्ट जड झाली, दाबूनही लागेना. 'आणि'च्या जागी 'ामि' उमटायला लागलं. चाळीस पानांच्या एका फायलीत अशी एकोणीस 'ामि' मला हाताने शोधावी लागली, रात्री दीड वाजता. तेव्हा 'काडीचा फरक पडत नाही' असं कोणी म्हटलं की संताप येतो. नवा घ्यायचाय. साडेतीन हजारांपर्यंत तयारी आहे. दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यांनीच सांगा.

मनमाडकर

ताई, वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, चार मशीन. उत्पन्नाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, सातबार्यावरच्या नोंदीचे अर्ज, सकाळपासून रांग असते. समोर कच्चा रस्ता, उन्हाळ्यात कीबोर्डावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. भाच्याच्या नादाने एकदा अठ्ठावीसशेचा मेकॅनिकल आणला. अकराव्या दिवशी गिर्हाइकाचा चहा त्यावर सांडला, संपला विषय. शेजारचा चारशेवाला तसाच भिजला होता, तो उलटा करून उन्हात ठेवला, दुसर्या दिवशी चालू.

आणि ते इनस्क्रिप्टचं मला सांगू नका. मी इंग्रजी अक्षरांतून लिहितो, स्पेस दाबली की मराठी तयार. शिफ्टला हात लावावा लागत नाही. काल लग्नातल्या आचार्यांना साडेतीन पानांचं बिल करून दिलं, वीस मिनिटांत.

पिंपरीचा_निख्या

मनमाडकर काका, चहाने तो गेला तो मेकॅनिकल होता म्हणून नाही गेला, सोल्डर केलेला होता म्हणून तुम्ही टाकून दिलात. आता हॉट-स्वॅप मिळतात. चिमटा लावून स्विच उपटायचा, नवा बसवायचा. चेरीचं पेटंट २०१४ मध्ये संपल्यापासून गॅटेरॉन, कैल, औटेमू सगळे तसेच स्विच बनवतात, एकेक स्विच पंधरा-वीस रुपयांना येतो.

ताई, तुमच्यासाठी पक्की गोष्ट सांगतो. स्विचचा प्रकार रंगावरून ओळखतात. सगळ्या बोर्डाला तपकिरी घ्या, तो दाबताना मध्ये किंचित अडतो, आणि फक्त उजव्या शिफ्टखाली लाल टाका. लाल ४५ ग्रॅमच्या आसपास दाबला जातो, मध्ये अडत नाही, करंगळीला बरं. मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे रबरी पडद्यावर चालणाऱ्या स्वस्त कीबोर्डात, बटण तळापर्यंत दाबल्याशिवाय लागत नाही, मेकॅनिकलमध्ये चारपैकी दोन मिलिमीटर गेलं की लागतं. आणि फोटोत छोटे गोंडस दिसतात ते बोर्ड घेऊ नका. बाणाची बटणं बसवायला त्यांनी उजवी शिफ्टच कापलेली असते.

रेमिंग्टनवाली_अमरावती

सगळे जण शिफ्टवर बोलून राहिले. बाई, तुमची करंगळी कीबोर्डाने नाही, इनस्क्रिप्टने दुखते. मी १९९१ साली गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकले, मग चोवीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं, कृतिदेव फॉन्टात, रेमिंग्टनच्या म्हणजे टाइपरायटरच्याच मांडणीने. 'आणि' मी असं लिहिते: अ, काना, वेलांटी, अर्धा ण, काना. पाच ठोके, शिफ्ट एकदाही नाही. हाताने लिहिताना जसं अक्षर पुरं करतो तसंच.

बाकी कीबोर्ड म्हणाल तर टीव्हीएस गोल्ड. आमच्या ऑफिसात एकच तेरा वर्षं चालला, ए आणि के वरची छपाई पार पुसली, पण बटण मेलं नाही. चेरीचे निळे स्विच. आवाज करतो, करू दे. आवाजावरून कळतं ठोका लागला की नाही, मान वर करून पडद्याकडे पाहावं लागत नाही.

अनुवादिनी

रेमिंग्टनवाली ताई, तुमच्या चोवीस वर्षांचा मान ठेवूनच लिहिते, पण कृतिदेव हे मराठी नाही, मराठीसारखं दिसणारं इंग्रजी आहे. तो फॉन्ट काढला की 'आणि' च्या जागी व्ही, के, एफ, टिंब, के उरतं. शोधता येत नाही, फोनवर उघडत नाही, अंध वाचकाला यंत्राकडून वाचून घेता येत नाही. माझ्याकडे महिन्याला एक तरी फाइल अशी येते आणि बदलून घेताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. इनस्क्रिप्ट काही कालचं खूळ नाही. १९८६ साली ठरलं, १९९१ मध्ये भारतीय मानक झालं. तेव्हाच सगळ्यांनी शिकलं असतं तर आज ही दुरुस्ती करत बसावं लागलं नसतं.

मनमाडकर, तुमचा प्रतिसाद तुम्हीच परत वाचा. 'सातबार्यावर', 'गिर्हाइक', 'दुसर्या'. आणि लग्नातल्या 'आचार्यांना' बिल दिलंत. लग्नात स्वयंपाक करतात ते आचारी, त्यांना ते आचाऱ्यांना. आचार्य वेगळे.

मनमाडकर

कीबोर्डाचं बोलत होतो, माझं शुद्धलेखन कुठून आलं मध्ये? समजलं ना कोणाला बिल दिलं ते? माझ्या दुकानात येणारा माणूस दोन बस बदलून आलेला असतो, त्याला साडेचारच्या आत अर्ज हवा असतो. अर्जात 'र' कुठला वापरला हे खिडकीवरचा कारकून बघत नाही.

अनुवादिनी

बघायला हवं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे सह्याद्रीत आहेत त्या. आपल्या भाषेने हा फरक राखलाय, त्यासाठी वेगळी खूण केलीय, आणि ती तुमच्या स्पेसबारखाली चिरडली जाते. इनस्क्रिप्टवर ऱ शिफ्ट आणि जे वर आहे. एकदा शिकलं की आयुष्यभर चुकत नाही.

गमभनवाला

ताई, थोडं थांबा. दोष इंग्रजी अक्षरांतून लिहिण्याचा नाही. आम्ही बरहा आणि गमभन या टायपिंगच्या साधनांवर वीस वर्षं दऱ्याखोऱ्या लिहितोय, त्यासाठीची खूण माहीत असावी लागते एवढंच. स्पेस दाबल्यावर स्वतःच अंदाज बांधणारी साधनं आली तेव्हापासून 'दुसर्या' बोकाळलं, कारण लोक समोर येईल ते पहिलं स्वीकारतात. माझ्या वडिलांनी ८१व्या वर्षी गमभनवर आठवणी लिहून काढल्या, दोनशे पानं. त्यांना या वयात 'के वर क, पण एच वर प' असलं शिकवत बसलो असतो तर एक पानही झालं नसतं.

अनुवादिनी

वडिलांचं वाचून बरं वाटलं, मनापासून. पण ती दोनशे पानं एकदा तपासा. जुन्या साधनांतला अर्धा र बहुतेक वेळा साधा र, पाय मोडका आणि एक अदृश्य जोडखूण असा बनलेला असतो, माझा ऱ स्वतंत्र अक्षर आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. माझ्या शब्दसूचीत 'नोकऱ्या' दोनदा होतं आणि एक शोधला की दुसरा सापडत नव्हता. चार सहकाऱ्यांच्या फायली एकत्र केल्या होत्या, म्हणून. शनिवार-रविवार त्यातच गेला.

गमभनवाला

तपासलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, 'पायऱ्या' टाइप करून शोधलं तर एकही सापडली नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं. तरी वडिलांना इनस्क्रिप्ट शिकवायला हवं होतं हे मी मान्य करणार नाही. एका वेळच्या शोधा-बदलाने ते दुरुस्त होतंय, मी आत्ताच केलं. त्यांनी लिहिलंच नसतं तर काय दुरुस्त केलं असतं?

रेमिंग्टनवाली_अमरावती

मला 'मराठीसारखं दिसणारं इंग्रजी' म्हणालात ते लागलं, बाई. त्याच टायपिंगवर दोन पोरींची शिक्षणं झाली. आमच्या वेळी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनच शिकवत, परीक्षा त्यावरच व्हायची, मिनिटाला तीस शब्द बसले तरच नोकरीचा अर्ज. तेव्हाच शिकायला हवं होतं म्हणता, पण इनस्क्रिप्ट शिकवायला कोण होतं अमरावतीत?

युनिकोडात, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत, लिहावं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी रिटायर व्हायच्या आधीच मान्य केलं होतं. पण युनिकोडातसुद्धा रेमिंग्टनची मांडणी मिळते, मी तीच वापरते. फॉन्ट जुना होता, बोटं जुनी म्हणून चुकीची ठरत नाहीत.

अनुवादिनी

ताई, माफ करा. फॉन्टवरचा राग तुमच्यावर निघाला, तसं व्हायला नको होतं. युनिकोडात रेमिंग्टन लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. शिफ्टचा हिशेब तुमच्या बाजूने आहे हेही खरं. 'आणि' दिवसातून किती वेळा लिहिते ते मोजायची माझी हिंमत नाही. पण अकरा वर्षांनंतर मी बोटं बदलणार नाही, म्हणून कीबोर्ड बदलतेय.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये मी इनस्क्रिप्टच वापरतो आणि कीबोर्डाच्या ठेवणीचा मुद्दा कोणीच काढला नाही. इकडच्या कीबोर्डांवर एन्टर उभा, उलट्या एल सारखा असतो. भारतातल्या बॅकस्लॅशचं बटण इथे एन्टरच्या डाव्या अंगाला, ट च्या अगदी शेजारी येतं. त्यामुळे 'डॉक्टर', 'कॉलेज', 'ऑफिस' लिहिताना करंगळी वर ताणावी लागत नाही. मात्र डावी शिफ्ट आखूड, तिच्या आणि झेडच्या मध्ये एक जादा बटण. ख, घ, ध, भ सगळे डाव्या शिफ्टने, आणि पहिले दोन महिने मी ते जादा बटणच दाबत होतो. आईला पुण्याला रोज रात्री दोन ओळी लिहितो, तिला माझा 'भ' कधी 'ब' होऊन मिळायचा. तिने विचारलं, डोळे तपासलेस का.

अनुवादिनीताई, तिकडून कोणी परदेशी कीबोर्ड स्वस्तात आणून देतो म्हणाला तर आधी एन्टरचा आकार विचारा.

पिंपरीचा_निख्या

हे भारी आहे, मला माहीत नव्हतं. तरी डाव्या शिफ्टचं नुकसान जास्त वाटतं. महाप्राण अक्षरं ऑ पेक्षा कितीतरी जास्त येतात.

आणि निळ्या स्विचबद्दल: रेमिंग्टनवाली काकू, ऑफिसात ठीक. आमच्या दोन खोल्यांत मी निळा आणला तेव्हा बहिणीचं बाळ चार महिन्यांचं होतं. तिसऱ्या रात्री तिने कीबोर्ड उचलून गॅलरीत ठेवला, पाऊस होता. तेव्हापासून तपकिरी.

मनमाडकर

निख्या, तुझा कीबोर्ड पावसाने गेला, माझा चहाने. मेम्ब्रेन असता तर दोन्ही वाचले असते, एवढंच मी पहिल्यापासून सांगतोय.

पिंपरीचा_निख्या

माझा गेला नाही काका. चार स्विच बदलले, ऐंशी रुपये. आजही मित्राकडे चालतोय.

अनुवादिनी

मनमाडकर, दुकानाबद्दल तुमचं बरोबर आहे. चार मशीन, चाळीस हात आणि समोर कच्चा रस्ता असेल तर मीही चारशेचाच घेईन आणि दोन जादा आणून ठेवीन. पण तुम्ही 'मराठी टाइप करणाऱ्याला' असं लिहिलं होतं. 'दुकान चालवणाऱ्याला' असं लिहिलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

मनमाडकर

बरं. आज दुपारी लाइट गेली होती तेव्हा बसून बघितलं. एका नंबरच्या मशीनवर माझी बायको बसते, ती इनस्क्रिप्टवाली, संस्थेत शिकलेली. चारही कीबोर्ड एकाच दिवशी घेतलेले. तिच्या उजव्या शिफ्टवरचा बाण पुसलाय आणि बटण एका बाजूला कललंय. बाकी तिघांचं नवं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, सहा महिन्यांपासून सांगतेय, तुम्ही ऐकता कुठे.

मेकॅनिकल चांगला हे मी अजून म्हणत नाही. पण तिच्या मशीनपुरता बघतो. त्या कापलेल्या शिफ्टचं काय ते सांगा, दुकानात उभं राहून ओळखायचं कसं?

पिंपरीचा_निख्या

पट्टी न्या काका. एका साध्या बटणापासून पुढच्या बटणापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर असतात. पूर्ण उजवी शिफ्ट त्याच्या पावणेतीन पट, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वर भरते. कापलेली साडेतीनच्याही आत येते. पाचच्या खाली असेल तर ठेवून द्या.

अनुवादिनी

आणि दुकानदाराकडे चालू संगणक असेल तर वहिनींनाच बसवा आणि 'आणि' दहा वेळा लिहायला सांगा. मी उद्या तेच करणार आहे.

रेमिंग्टनवाली_अमरावती

वहिनींना 'आचाऱ्यांना' पण लिहायला सांगा, मनमाडकर. बिल परत द्यावं लागेल.