सोसायटी ग्रुप : साखर बंद केली, तरी शुगर का वाढली?

आप्पा (ए-३०१): शुगर तपासणी शिबिरातला रिपोर्ट आला. उपाशीपोटी ११४, जेवल्यावर दोन तासांनी १८८, एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१. साखर मी कधीच सोडलीय, चहासुद्धा गुळाचा. मग वाढली कशानं?

काकू (बी-१०२): आमच्या ह्यांचंही तेच आप्पा. पेढ्याला हात लावत नाहीत.

दादा (ए-१०४): गहू-तांदूळ बंद करून नुसती शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी खायची. महिन्यात शुगर मुळासकट जाते, असा मेसेज फिरतोय.

ताई (सी-२०४): आप्पा, घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथून मागे फिरता येतं. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाच.
आणि गूळ बंद करा. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. गुळाची बाजारपेठ आपल्या गावात म्हणून त्याला सूट नाही.
दिवसभरात काय काय खाता ते मोकळेपणानं सांगा बघू.

आप्पा (ए-३०१): सकाळी पोहे. दुपारी तीन चपात्या, भाजी, वर आमटी-भात. संध्याकाळी वाटीभर भडंग, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे. रात्री भातच, हलका म्हणून. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी.

ताई (सी-२०४): इथंच सगळं आहे. पोहे, चपाती, भात, चुरमुरे, साबुदाणा, सगळं पिष्ट, म्हणजे स्टार्च. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. जिभेला गोड लागत नाही म्हणून आपण ते मोजत नाही. चुरमुरे तर फुलवलेले, ते फार पटकन पचतात आणि शुगर झरकन वर जाते. साबुदाण्यात तंतू, म्हणजे फायबर, जवळजवळ नाहीतच, उपवासाला त्यापेक्षा राजगिरा बरा.

दादा (ए-१०४): मग भाकरीचं खरं की खोटं?

ताई (सी-२०४): अर्धं खरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅममागे तंतू असे आहेत: ज्वारी सुमारे १०, बाजरी आणि गव्हाची कणीक साधारण ११, पांढरा तांदूळ आणि मैदा ३ च्या आत. म्हणजे न चाळलेल्या कणकेची चपाती ज्वारीच्या मागे नाही. आपण बारीक चाळणीनं कोंडा काढून टाकतो, तिथं घोळ होतो. शिवाय ज्वारीच्या पिठातही दोन तृतीयांश पिष्टच असतं. चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. भाकरी चांगली आहे, पण ती औषध नाही.
जास्त तंतू कडधान्यात. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, मटकीत १५ च्या आसपास. मूठभर मटकीची उसळ ताटात आली की जेवणाचं रूपच बदलतं.

वहिनी (बी-३०३): तंतू नेमकं करतात काय ताई? पोट साफ होतं एवढंच माहीत होतं.

ताई (सी-२०४): ते एक काम. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी बोटांत चोळून बघा, बुळबुळीत लागतात. तसले विरघळणारे तंतू गवारीत, जवसात, इसबगोलात असतात. त्यांचा आतड्यात दाटसर लगदा होतो, अन्न जठरातून सावकाश पुढं सरकतं आणि ग्लुकोज रक्तात एकदम न उसळता हळूहळू उतरतं. वाईट कोलेस्टेरॉलही थोडं कमी होतं. न पचता उरलेल्या तंतूंवर मोठ्या आतड्यातले चांगले जिवाणू जगतात.
२००० कॅलरीच्या आहारात दिवसाला ३० ग्रॅम तंतू हवेत. पोहे, भात आणि चुरमुऱ्यांवर ते भरायचे नाहीत.

वहिनी (बी-३०३): आणि द्राक्षं, बेदाणे? तासगावच्या पाहुण्यांनी किलोभर बेदाणे दिलेत 🙂

ताई (सी-२०४): द्राक्षं थोडी, चावून. रस नको, गाळला की तंतू गेले. बेदाण्यात पाणी उडून साखर एकवटलेली असते. पाच-सहा दाणे बास. वाटीनं नको.

काकू (बी-१०२): उद्यापासून ह्यांचा भात बंदच करते.

ताई (सी-२०४): काकू, तसं एकदम करू नका! काका शुगरच्या गोळ्या घेतात ना? काही गोळ्यांवर असताना किंवा इन्सुलिन चालू असताना पिष्ट अचानक तोडलं तर शुगर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, भोवळ. आधी डॉक्टरांशी बोला. भात पाव वाटीनं कमी करत न्या. तंतूही हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्यायला द्या, नाहीतर पोट फुगतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो.
आप्पा, तुमच्यासाठी एवढंच: आधी काकडी-गाजर, मग उसळ आणि वांग्याची भाजी, शेवटी चपाती, दोनच. भात एकाच वेळी, थोडा. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. भडंग आठवड्यातून एकदा, त्यात शेंगदाणे जास्त.

आप्पा (ए-३०१): चालतो की. रात्री गेटपाशी कोण येणार सोबत?

दादा (ए-१०४): मी हाय आप्पा. साडेआठला.

वहिनी (बी-३०३): रविवारच्या महाप्रसादाचं कोण बघतंय? जिलेबी राहू दे, पण मसालेभाताबरोबर मटकीची उसळ आणि कोशिंबीर सांगा आचाऱ्याला.

काकू (बी-१०२): मटकी मी भिजवते. मोड यायला शुक्रवारीच घालावी लागेल. किती माणसं धरायची?