मदत हवी आहे : सेनेकाच्या पहिल्याच वाक्यात अडकलो

उंबरठा : रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं 'दे ब्रेविताते वीताए' ('आयुष्याच्या अल्पतेविषयी') मूळ लॅटिनमधून वाचायला घेतलंय. रूपं पाठ आहेत, शाळेतलं संस्कृतही आहे. पण पहिल्या वाक्याचं शेपूट सुटत नाही: 'अदेओ उत एक्सेप्तिस अद्मोदुम पाउकिस केतेरोस इन इप्सो वीताए अप्पारातू वीता देस्तितुआत'. 'केतेरोस' कर्ता धरला तर क्रियापद एकवचनी का? आणि 'पाउकिस' चतुर्थी की पंचमी?

निळीशाई : 'केतेरोस' द्वितीया अनेकवचन आहे, प्रथमा असती तर 'केतेरी' झालं असतं. कर्ता शेवटून दुसरा, 'वीता'. 'एक्सेप्तिस पाउकिस' ही पंचमी, म्हणजे आपली सति सप्तमीच: 'अगदी थोडे वगळता'. 'अदेओ उत' दिसलं की पुढे परिणाम येणार, म्हणून 'देस्तितुआत' संभावनार्थी. एकूण: 'इतकं की, मोजके सोडले तर बाकीच्यांना जगण्याची तयारी चालू असतानाच आयुष्य सोडून जातं.'
आधी क्रियापद, मग प्रथमा, उरलेलं नंतर. लोएब आवृत्ती (डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी) वापरत असाल तर उजवं पान झाकून ठेवा. इंग्रजी आधी वाचलं की विभक्ती बघायचा कंटाळाच येतो.

जुनापिंपळ : मुळात सुरुवात इथून करूच नये. सेनेकाने मित्र लुसिलियसला लिहिलेलं पहिलं पत्र घ्या. विषय वेळेचाच, परिच्छेद फक्त पाच. मग या ग्रंथाचं 10वं प्रकरण. 13वं शेवटी ठेवा. युलिसिसकडे वल्हेकरी किती होते असल्या चौकशा आणि रोमन सेनापतींची नावं, कोश उघडून उघडून दमाल.
10व्यातलं हे बघा: 'क्वोद अगिमुस ब्रेवे एस्त, क्वोद आक्तूरी सुमुस दुबियुम, क्वोद एगिमुस केर्तुम'. करतोय ते थोडं, करणार ते अनिश्चित, केलं ते पक्कं. 'अगिमुस' वर्तमान, 'एगिमुस' पूर्ण भूतकाळ. फरक फक्त पहिल्या स्वराचा. घाईत तिथेच काळ चुकतो, आणि इथे तर सगळा मुद्दाच काळाचा.

उंबरठा : 'दुबियुम'पुढे क्रियापद कुठे गेलं?

जुनापिंपळ : गिळलं. 'एस्त' पहिल्या खंडात एकदा आलं, पुढच्या दोन्हींत तेच धरायचं. रोमन वक्ता सिसेरोच्या लांबलचक वाक्यांची सवय असलेला इथे हमखास ठेचकाळतो. नपुंसकलिंगी विशेषण एकटंच लटकलेलं दिसलं की पेन्सिलीने 'एस्त' लिहून पुढे चला.

निळीशाई : संहितेसाठी रेनल्ड्सची ऑक्सफर्ड आवृत्ती (1977) घ्या. टिपा हव्या असतील तर विल्यम्सची केंब्रिज (2003), तिच्यात हा ग्रंथ सेनेकाच्याच 'दे ओतिओ'सोबत आहे. दिवसाला पाच-सहा ओळी पुरे.