चंपाषष्ठी, मार्गशीर्षातला गुरुवार आणि शनिवारी रात्री साडेदहाची मॅच: वीस माणसांना काय करून घालू?

जुळे_सोलापूरची_सून (१४ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. प्रश्न स्वयंपाकाचाच आहे, पण मागची भानगड सांगितल्याशिवाय कुणाला उलगडायचा नाही.

यंदा खंडोबाचं षड्रात्र सगळ्यांनी मिळून सोलापुरात करायचं ठरलंय. चंपाषष्ठी बुधवारी २६ तारखेला, आणि अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण लगेच गुरुवारी २७ला. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, जोडून सुट्ट्या मिळतात, म्हणून धाकटे भाऊजी ओहायोतल्या कोलंबसहून आणि नणंद-दाजी मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून येतायत. मुंबईचे सिद्धेश्वर एक्सप्रेसनं येतील, पुण्याचे आपल्या गाडीनं. बाळ्याच्या खंडोबाला दर्शन, घरी तळी, भरीत-रोडगा हे आईंच्या हाताखाली दरवर्षीचं आहे, त्याची मला काळजी नाही.

काळजी शनिवारची. भाऊजी ओहायो स्टेटमध्ये शिकले, दाजी मिशिगनमध्ये. या दोन विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची मॅच दरवर्षी ह्याच आठवड्यात असते. पहिली झाली १८९७ला. यंदा मिशिगनच्या मैदानावर आहे, तिथे लाखाच्या वर माणूस बसतं. तिकडे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि संपायला दोन तरी वाजणार. त्या आठवड्यात भाऊजी मिशिगनचं नाव तोंडातून काढत नाहीत, "ती वरची टीम" म्हणतात. ओहायो स्टेटच्या आवारात तर पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुल्या मारतात. गेल्या वर्षी मिशिगननं कोलंबसात जाऊन १३–१० हरवलं. मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेले, त्यावरून खेळाडूंची मारामारी झाली, पोलिसांना डोळ्यांत झोंबणारा फवारा मारायला लागला. दाजींनी घरच्या ग्रुपवर नुसतं "१३–१०" टाकलं, पुढे एक अक्षर नाही. भाऊजी ग्रुपमधून बाहेर. ग्रुपचं नाव 'जय मल्हार', त्यातून बाहेर पडणं आईंना अशुभ वाटलं, त्यांनी फोन करून परत आणवलं.

तर विचारायचं हे:

गुरुवारी पोरांना थँक्सगिव्हिंगचा टर्की पक्षी पाहिजे. पण तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, घरात घट मांडलेला असणार. त्यांच्या सणासारखं वाटेल आणि नैवेद्यालाही चालेल असं काय करू? मटण करायचं तर नेमकं कधी?

शनिवारी रात्री साडेदहापासून दोनपर्यंत काहीतरी पुढे येत राहिलं पाहिजे, आणि मी गॅससमोर उभी राहणार नाही. मलाही मॅच बघायचीय.

आणि अण्णांना (सासरे) हा खेळ कसा समजावू? ते रात्री जागणार आणि प्रत्येक वेळी खेळ थांबला की "आता काय झालं?" विचारणार.

बाळे_वेशीजवळ

मटण शुक्रवारी. दुसरा दिवसच नाही तुमच्याकडे. बुधवारी सकाळी बाळ्याला गाडी घेऊन येऊ नका, लांब लावून चालत या.

मंगळवार_पेठेतल्या_काकू

आमच्यात आख्खा मार्गशीर्ष पाळतात, त्यामुळे शुक्रवारचं मी काही बोलत नाही. ज्याच्या त्याच्या घरचं.

शनिवारचं ऐक. ज्वारीची कडक भाकरी आत्तापासून करून ठेव. पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची, मग तव्यावरच मंद आचेवर पापडासारखी वाजेपर्यंत ठेवायची. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, नाहीतर सादळते. ज्वारी मंगळवेढ्याची मिळाली तर बघ. मॅचच्या वेळी तुकडे करून परातीत टाक, शेजारी दही, शेंगाचटणी, बारीक चिरलेला कांदा. चटणी उखळात कुटलेली आण, मिक्सरची नको, तिला तेल सुटत नाही. माणसं आपापलं घेतात, तुला उठायला नको.

बाराच्या सुमारास चुरमुऱ्यांचा सुशीला कर. चुरमुरे भिजवून पिळून ठेवलेले असले आणि कांदा-मिरची चिरलेली असली की दहा मिनिटांत होतो. चुरमुरे फार आधी भिजवू नकोस, लगदा होतो. शेंगापोळ्या शुक्रवारीच करून ठेव, टिकतात.

हुरडा मागतील बघ परदेशातले. आत्ता कुठला हुरडा? कणसात दाणा भरू दे की आधी.

परतलेला_डेट्रॉइटकर

मी बरीच वर्षं डेट्रॉइटला काढून आता होटगी रोडला राहतो. दाजींच्या बाजूचा आहे, आधीच सांगून टाकतो.

टर्कीचा हट्ट पोरं सोडतील, तो पक्षी तसा कोरडाच असतो, तिथेही निम्मी माणसं ग्रेव्हीच्या जोरावर खातात. त्या दिवशी खरी वाट बघतात ती भोपळ्याच्या पायची (pie, गोड सारण भरून भाजलेली). तुम्ही लाल भोपळ्याचे घारगे करा. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढीच कणीक, चिमूटभर मीठ, तीळ. वाटल्यास थोडं दालचिनी-जायफळ घाला, तिकडच्या पायला तोच वास असतो. घटाला नैवेद्य होईल आणि पोरांचा सणही.

भाऊजींसाठी एक गंमत. ओहायोचं झाड बकाय. त्याच्या बीसारखी दिसणारी मिठाई ओहायोत घरोघरी करतात: शेंगदाण्याच्या लोण्यात पिठीसाखर आणि लोणी मळून गोळ्या वळायच्या, फ्रीजमध्ये घट्ट करायच्या, मग टूथपिकला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, वरचा गोल तेवढा उघडा ठेवायचा. शेंगदाण्याला सोलापुरात काय तोटा! भाजून, सालं काढून मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवलं की लोणी तयार. दाजींना देऊ नका, ते खाणार नाहीत. (खातील, पण बघत नसताना.)

आता अण्णा. त्यांना एवढंच सांगा की चेंडू ज्याच्याकडे, त्यानं चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकला की नव्या चार संधी, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. चेंडूवाल्याला खाली पाडलं की ती संधी संपली, कबड्डीत पकड झाल्यावर थांबतं तसं. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण आणि वर लाथेनं एक. तिथवर पोचता येत नसेल तर लांबूनच दोन खांबांमधून लाथेनं मारायचा, त्याचे तीन. घड्याळात तासाभराचा खेळ, पण थांबत थांबत तीन तासांच्या वर जातो. बाकीचे नियम पंचांनाही भांडल्याशिवाय कळत नाहीत.

आणि वैर कशावरून, असं विचारलं तर टोलेडो सांगा. १८३५ला ओहायो आणि मिशिगन ह्या एका शहराच्या पट्ट्यावरून सैन्य घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात वरचा डोंगराळ भाग मिळाला, तेव्हा कुठे १८३७ला ते राज्य झालं. सीमेवरच्या गावाचं भांडण सोलापूरच्या माणसाला वेगळं समजावायला लागत नाही.

जुळे_सोलापूरची_सून (२४ नोव्हेंबर)

काकू, भाकऱ्यांचे डबे भरले. डेट्रॉइटकर, घारगे पक्के. आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "भोपळ्याला कोण नाही म्हणतंय?"

भाऊजी काल आले. आल्या आल्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर, एमएच १३ मधल्या एमवर, लाल चिकटपट्टीची फुली. ह्यांना पार्क चौकात सिग्नलला दिसली. घरी येऊन सोलून काढली आणि भाऊजींना म्हणाले, "दंड डॉलरमध्ये भरणार का?"

परतलेला_डेट्रॉइटकर

दाजींना सांगा, नंबरप्लेट त्यांच्या बाजूची आहे.

जुळे_सोलापूरची_सून (३० नोव्हेंबर)

झालं सगळं. घर आत्ता कुठे शांत आहे, म्हणून लिहितेय.

बुधवारी तळीला दाजी निळी-पिवळी जर्सी घालून उभे. ताम्हन उचललं, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला, आणि दाजी म्हणतात, "देवाचा रंग कुठला ते बघून घ्या." भाऊजींच्या लाल टी-शर्टवरही पिवळी रांगोळी झालेली. अण्णा म्हणाले, "देवाला ह्यात ओढू नका, त्याला दोन बायकांचंच भांडण पुरे आहे." भरीत काकूंच्या चटणीइतकंच झणझणीत झालं होतं, तिकडच्या पोरांनी दह्यात कालवून खाल्लं.

गुरुवारी घारगे उतरवता उतरवता संपत होते. नैवेद्याचे आधी बाजूला काढले म्हणून वाचले. शुक्रवारी मटण काळ्या मसाल्यात, त्याबद्दल काकूंसमोर जास्त लिहीत नाही.

मॅच. लॅपटॉप टीव्हीला जोडला, हॉलमधल्या गाद्या सोलापुरी चादरींसकट खाली ओढल्या. सुरुवातीला मिशिगननं दोनदा लांबून मारून ६–० केलं, तेव्हा दाजींचा "येळकोट" शेजारपाजारी ऐकू गेला असणार. नंतर ओहायोनं मागे वळून बघितलं नाही. २७–९. मिशिगनचे नऊच्या नऊ गुण लाथेचे, शेवटच्या पट्ट्यात एकदाही पोचले नाहीत. ओहायो ह्याआधी जिंकलं होतं २०१९ला. २०२०ची मॅच कोविडमुळे झालीच नाही आणि मग सलग चार वर्षं हार, त्यामुळे भाऊजी नाचले त्याला मी नावं ठेवत नाही.

दुसऱ्या निम्म्यात तिकडे बर्फ पडायला लागला, मैदानावरच्या रेघा दिसेनात. अण्णा चार संधी बोटांवर मोजत होते. मध्येच म्हणाले, "बर्फात थांबवत नाहीत? आपल्यात चार थेंबांत कव्हर घालतात." आणि ओहायोच्या एका चौथ्या संधीला सगळ्यांच्या आधी ओरडले, "आता मारणार हा!" त्यांनी मारलाच. अण्णांना झोप आली नाही त्याचं श्रेय डेट्रॉइटकरांना.

सुशीलाची वेळ चुकली नाही. बकाय मात्र अर्ध्या मॅचलाच संपले. शेवटचा दाजींच्या बोटाला चॉकलेट लागल्यामुळे सापडला.

आता एकच राहिलंय. दोघेही काळा मसाला आणि शेंगाचटणी बरोबर नेणार म्हणतात. गेल्या खेपेला भाऊजींच्या बॅगेत पुडी फुटली होती, शर्टांना महिनाभर वास. काय करता तुम्ही लोक?

परतलेला_डेट्रॉइटकर

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी, तो डबा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि सगळं दाजींच्या बॅगेत.