हीलसाइडला (टाचेकडच्या वळणावर) स्नोबोर्ड अचानक सुटतो. जास्त रुंद बोर्ड बनवून घ्यावा का?

मानेवाडा२९

नमस्कार मंडळी. नागपुरात ४४ अंश आहे आणि मी बर्फाचं विचारून राहिलो, पण विचारायची वेळ हीच आहे. मापानं बोर्ड बनवून घ्यायचा म्हटलं तर काही महिने लागतात, आणि मला तो जानेवारीत गुलमर्गला हवा आहे.

पाच हिवाळे झाले, दर वर्षी दहा-बारा दिवस तिथं जातो. पावडर (भुसभुशीत ताजा बर्फ) आवडतेच, पण माझा जीव अडकला आहे तो कार्व्हिंगमध्ये, म्हणजे न घसरता कडेवर वळण्यात. सकाळी मशीन फिरून गेलेल्या पट्ट्यावर कोणी उतरलेलं नसतं, तेव्हा बोर्ड नीट एजवर (कडेच्या धातूच्या पट्टीवर) टाकला तर मागं एकच बारीक रेघ राहते. घसरल्याची रुंद फराट नाही, पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ. ती मागं वळून पाहायसाठी मी अकरा महिने पैसे साठवतो.

आता अडचण. टोसाइडला (बोटांकडे वळताना) चाललं आहे. हीलसाइडला थोडं जास्त कलवलं की बोर्ड एकदम पायाखालून निघून जातो. आधी थरथर नाही, काही इशारा नाही. या फेब्रुवारीत कोंगडोरीच्या (गुलमर्गच्या गोंडोलाचं मधलं स्टेशन) खाली एका सकाळी चार वेळा कमरेवर पडलो. एज धारदार होता, आदल्या रात्रीच फाइल मारली होती. शेवटच्या पडण्यानंतर रेघेचा फोटो काढला, तो जोडला आहे.

माझी मापं: उघडा पाय २९ सें.मी., बूट बाहेरून ३३ सें.मी., वजन ८६ किलो. बोर्ड १५९ लांबीचा, दुकानात "वाइड" म्हणून मिळालेला, कमरेत (मध्ये, सगळ्यात अरुंद जागी) २५.५, बाइंडिंगपाशी (बूट बांधतो तिथं) २६.४ सें.मी. साइडकटची (बोर्डाच्या कडेच्या वक्राची) त्रिज्या ८ मीटर. बाइंडिंगचे कोन पुढे +१५, मागे −९ (+ म्हणजे बोटं बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, − म्हणजे मागच्या). हार्ड बूट नको, कारण दुपारी त्याच बोर्डावर पावडरमध्ये जायचं असतं.

२९-३० सें.मी. रुंद बोर्ड बनवून घेतला तर हे सुटेल का? की माझंच तंत्र कच्चं आहे? पैसा मोठा आहे, घरी आईला सांगताना माझ्याकडे नीट उत्तर असावं असं वाटतं.

सोलंगचा_उतार

भाऊ, हीलसाइड सगळ्यांचीच उशिरा बसते. टाचेवर वळताना लोक कमरेतून मागं बसतात आणि पाठ वाकवतात, त्यानं एजवरचा भार जातो. गुडघे वाकव, छाती वर ठेव, पुढच्या खांद्यानं वळणाकडे पहा. एवढा खर्च करण्याआधी एक हंगाम चांगल्या प्रशिक्षकाकडे घाल, असं माझं मत.

धरमपेठ_ते_हाकुबा

सोलंगवाल्या भाऊंचं म्हणणं खरं आहे, पण या प्रकरणात नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. मुख्य रेघेच्या आतल्या बाजूला, तीन बोटं सोडून, एक तुटक ओरखडा आहे. आधी पुसट, मग खोल, आणि जिथं तो सगळ्यात खोल आहे तिथंच तुझी रेघ संपते. तो ओरखडा तुझ्या टाचेचा आहे. बाइंडिंगचा टाच धरणारा मागचा कप बर्फात रुतला, त्यानं एज वर उचलला, आणि एज उचलला की धरायला काही उरत नाही. म्हणून इशारा मिळत नाही. तंत्राची चूक असती तर बोर्ड आधी थरथरला असता, फराट रुंद होत गेली असती. याला बूट-आउट म्हणतात.

मी नोकरीनिमित्त पाच वर्षं जपानात, नागानो प्रांतात होतो. शनिवार-रविवार हाकुबाला जायचो. पहिले दोन हिवाळे मी हेच भोगलं, फक्त माझं टोसाइडला व्हायचं. बुटाचं नाक टेकायचं आणि मी छातीवर. दुसऱ्या वर्षी डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मी उताराच्या खाली बाकावर बसून लोकांचे पाय पाहिले. तिथले चांगले कार्व्हर अगदी बर्फाला चिकटून, कोपर घासत वळतात, तेही सॉफ्ट बुटात. त्यांच्या बोर्डाची टोकं हातोड्यासारखी चौकोनी असतात, म्हणजे तेवढ्याच लांबीत जास्त एज बर्फाला लागतो. पण मला कळायचं होतं ते वेगळंच: यांचे बूट का टेकत नाहीत?

उत्तर साधं त्रिकोणाचं आहे. तुझा बूट ३३ सें.मी. मागचा पाय ९ अंशांवर, म्हणजे बोर्डावर आडवा तो ३२.६ सें.मी. जागा घेतो. बोर्ड तिथं २६.४. उरले ६.२, बूट बरोबर मध्यावर असेल तर दोन्हीकडे ३.१ सें.मी. बाहेर. बोर्डाच्या तळापासून टाचेचा कप साधारण ४ सें.मी. वर असतो असं धर. ३.१ बाहेर आणि ४ वर, म्हणजे ५२ अंशांना तो टेकणार. हे कडक फरशीवर. बर्फात एज स्वतः थोडा रुततो, त्यामुळं खरा आकडा आणखी कमी. ज्या वळणाची तुला ओढ आहे ते ६० च्या पुढं सुरू होतं.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नकोस. घरीच कर. बूट बाइंडिंगमध्ये कसून बांध, बोर्ड फरशीवर सपाट ठेव आणि टाचेकडच्या एजवर हळूहळू कलव. बूट किंवा कप फरशीला टेकला की मोबाइलमधली लेव्हल बोर्डाच्या तळाला लावून कोन वाच. मग नाकाकडे. दोन्ही पायांचं कर, म्हणजे चार आकडे. खाली जुनी चादर घाल, एज फरशीवर ओरखडे काढतो. मी भाड्याच्या घराच्या लाकडी जमिनीवर काढले आणि सोडताना भरपाई दिली.

आता उपाय. दोन रस्ते आहेत: बोर्ड रुंद करा, नाहीतर पाय वळवा.

हार्ड बूटवाले पाय वळवतात. बोर्ड २० सें.मी.च्या आसपास अरुंद आणि दोन्ही पाय ५०-६० अंश पुढं. तुला तेवढं नको. पण तुझ्याच आत्ताच्या बोर्डावर मागचा पाय +२४ आणि पुढचा +३६ केला, तर मागचा बूट आडवा ३०.१ भरतो, दोन्हीकडे १.९ उरतो, आणि टेकण्याचा कोन ६५ पर्यंत जातो. खर्च एका स्क्रू-ड्रायव्हरचा. पुढच्या पायाला तर आणखी मोकळीक मिळते.

दुसरा रस्ता: कोन आहेत तेच ठेवून बाइंडिंगपाशी २९ सें.मी. रुंद बोर्ड. मग दोन्हीकडे १.८ उरतो, कोन पुन्हा ६६ च्या घरात. म्हणजे आकड्यांत दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. फरक पडतो तो तू बोर्डावर कसा उभा राहतो त्यात. +३६/+२४ ला कंबर बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळते, हीलसाइड एकदम सोपी होते, पण उलट दिशेनं चालवणं जवळजवळ जातं. रुंद बोर्डावर तुझी सवय तशीच राहते आणि पावडरमध्ये तरंगणंही वाढतं. गुलमर्गला जाणाऱ्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण रुंदीला किंमत आहे, आणि ती पैशाची नाही. एज तुझ्या बोटांच्या बाहेर गेला की बर्फ त्या लांबलेल्या पट्टीच्या टोकावर वर ढकलतो, आणि ते सगळं तुझ्या घोट्याला आणि पोटरीला पेलावं लागतं. कडक बर्फावर दुपारपर्यंत पोटऱ्या दगड होतात. म्हणून माझा नियम बुटाच्या मापावर नाही, उघड्या पायाच्या मापावर आहे. तुझा पाय २९, नऊ अंशांवर २८.६. बाइंडिंगपाशी बोर्ड एवढाच हवा, फार तर २९. बोटं आणि टाच बरोबर एजवर, बाहेर जाईल ते फक्त बुटाचं कातडं आणि रबर. ३० वर जाऊ नकोस. आणि कारागिराशी बोलताना कमरेची रुंदी सांगू नकोस, बाइंडिंगपाशी किती हवी ते सांग. माझा पहिला रुंद बोर्ड मी कमरेच्या मापावर मागवला आणि पायाखाली तो मला हवा त्यापेक्षा सव्वा सें.मी. जास्त निघाला.

सीताबर्डी_फिजिओ

मी स्वतः चालवत नाही, नवरा चालवतो, त्याचे गुडघे माझ्याकडे असतात. एकच सांगते. कोन बदलणार असाल तर एका दिवसात −९ वरून +२४ वर जाऊ नका. मागचा गुडघा आत पडायला लागतो आणि आतल्या बाजूला दुखतं. तीन-तीन, सहा-सहा अंशांनी जा. घरी जमिनीवर खडूनं पावलं आखून त्या कोनात उभं राहा आणि खाली बसा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का ते आरशात पाहा. राहत नसेल तर तो कोन तुमचा नाही. आणि पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाच खाली-वर करायचा व्यायाम आजपासूनच सुरू करा, आठ महिने आहेत हाताशी.

मानेवाडा२९

धरमपेठवाले दादा, काल रात्री केलं. हॉलमध्ये चादर घातली, बहिणीनं मोबाइल धरला. मागचा पाय: नाकाकडे ५७, टाचेकडे ४८. पुढचाही जवळजवळ तसाच, नाकाकडे ५९ आणि टाचेकडे ५०.

नाक आणि टाच यांत इतका फरक का, म्हणून बोर्ड उलटा करून मोजलं. बूट मध्यावर नाहीच. टाच ३.६ बाहेर, नाक २.६. पाच हिवाळे मी असाच उभा आहे. कपाच्या खालच्या कडेला हात लावला तर प्लॅस्टिक एका बाजूनं घासून खरखरीत झालेलं आहे, रंग पूर्ण गेलेला. रोज हातात घेतो तो बोर्ड, पण तिकडं कधी पाहिलं नव्हतं.

ताई, खडूचंही केलं. +१८ पर्यंत गुडघा रेषेत राहतो, +२४ ला आत येतो.

आता सांगा, +१८ वर थांबून काम भागेल का?

धरमपेठ_ते_हाकुबा

पहिलं काम आजच कर. बाइंडिंगच्या मधली चकती ९० अंश फिरव, म्हणजे तिच्या खाचा आडव्या होतील आणि बूट नाक-टाच दिशेनं सरकवता येईल. पाच मि.मी. पुढं घे. दोन्हीकडे ५२ येईल. फक्त एवढ्यानंच फेब्रुवारीतली ती चार पडणी कदाचित वाचली असती.

मागचा +१८ केला तर बूट आडवा ३१.४, दोन्हीकडे २.५, कोन ५८. त्याखाली १ सें.मी.चा रायझर (बाइंडिंग उंच करणारी पट्टी) टाकलास तर उंची ५ होते आणि कोन ६३ वर जातो. रायझर बोर्डाच्या मानानं फार स्वस्त पडतो. उंचीनं बोर्ड थोडा बिचकल्यासारखा वाटतो, दोन दिवसांत सवय होते. मी तुझ्या जागी असतो तर हा जानेवारी असाच काढला असता.

तरी बोर्ड बनवायचाच ठरवलास, आणि तुझी ती रेघेची गोष्ट वाचून मला वाटतं तू कधी ना कधी बनवशीलच, तर आणखी दोन गोष्टी. साइडकट ८ मीटर ठेवू नकोस. एज जितका कलवशील तितकं वळण आवळतं. ढोबळ हिशोब म्हणजे त्रिज्या गुणिले त्या कोनाचा कोसाइन. ८ मीटरचा बोर्ड ६५ अंशांवर ३.४ मीटरचं वळण घेतो, पाय मोकळे करायला वेळच मिळत नाही. ११ मीटरचा ४.६ घेतो. ते वळण तोलायला ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, तो तुझ्याकडे आत्ताच आहे. दुसरं, त्याच बांधणीचा बोर्ड रुंद केला की तो आपोआप कडक होतो, वाकायलाही आणि पिळायलाही. म्हणून ८६ किलो हा आकडा कारागिराला आधी सांग, लांबी नंतर. आणि उघड्या पायाचं माप संध्याकाळी घे, भिंतीला टाच टेकवून, पूर्ण भार देऊन. सकाळचा पाय लहान भरतो.

एक विचारायचं राहिलं. बोर्ड ठेवतोस कुठं?

मानेवाडा२९

वरच्या खोलीत, कूलरच्या मागं. तिथंच जागा आहे.

धरमपेठ_ते_हाकुबा

आजच हलव. कूलरच्या ओलाव्यानं मे महिन्यातच एजला गंज धरतो आणि वरच्या मजल्याची स्लॅब तापते ती वेगळी. एज कोरड्या फडक्यानं पूस, तळाला आणि एजवर जाड मेण चढव, खरवडू नकोस, तसंच राहू दे. खालच्या खोलीत पलंगाखाली आडवा ठेव. जानेवारीत खरवडशील.

मानेवाडा२९

हलवला. मागच्या टोकापाशी वीतभर एज लालसर झालाच होता. रबरानं घासून काढला, मेण उद्या लावतो. रायझर मागवले आहेत, चकती फिरवली, बहिणीनं पुन्हा मोबाइल धरला: ५२ आणि ५२. आईला सांगितलं की यंदा बोर्ड नाही.