मदत हवी आहे: कराड–चिपळूण काल्पनिक मार्गावर भरलेली मालगाडी घाट उतरताना हाताबाहेर जाते (ओपन रेल्स)

नमस्कार मंडळी,

गेली अडीच वर्षं ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये एक मार्ग उभारतोय, कराड ते चिपळूण. ही लाईन जमिनीवर कुठेही नाही, पण ती होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. माझं गाव पाटण तालुक्यात, आजोळ चिपळूणचं. मे महिना लागला की एसटीने कुंभार्ली घाट उतरायचा. आई खिडकीशी बसवायची आणि हातात लिंबू द्यायची. आजोबा स्टँडवर न्यायला यायचे आणि दरवेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला रेल्वेनं या." आजोबा आता नाहीत. लाईन निदान संगणकावर तरी नीट व्हावी, खरी झाली असती तशीच व्हावी, एवढी इच्छा आहे. म्हणून आधीच सांगतो, फाईलमधला ब्रेकफोर्सचा आकडा दुप्पट करून टाका असा उपाय नकोय.

मार्ग थोडक्यात असा. कराड स्टेशनातून निघून कोयनेच्या काठाकाठाने मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, कोयनानगर. इथपर्यंत नदीच वाट दाखवते, चढ सौम्य आहेत, काही अडचण नाही. कोयनानगरपुढे सह्याद्रीची धार ओलांडली की खाली पोफळी, शिरगाव आणि मग चिपळूणला कोकण रेल्वेला जोड. सगळा जीव त्या मधल्या घाटात अडकलाय. माथा मी ६०० मीटरला धरलाय आणि पायथ्याचं पोफळी स्टेशन १३० मीटरला. म्हणजे ४७० मीटर उतरायचं. भोर घाट, थळ घाट आणि कॅसलरॉक–कुळे या तिन्ही ठिकाणी १:३७ चा चढ आहे, म्हणून मीही तोच घेतला. साडेसतरा किलोमीटर लांबी झाली. सरळ अंतर बरंच कमी असल्यामुळे दोन ठिकाणी लाईन डोंगराच्या सोंडेला वळसा घालून परत फिरते. वळणांची त्रिज्या ३५० मीटर. उंचीसाठी एसआरटीएमचा (अवकाशातून मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा) डेटा वापरलाय, मार्ग टीएसआरई या एडिटरमध्ये बांधलाय.

काळ २००५ च्या आसपासचा, म्हणजे डिझेल. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली, त्यानंतर सातएक वर्षांनी ही लाईन आली असती असं मानलंय. मुख्य मालवाहतूक साखरेची. कराड भागातल्या कारखान्यांची साखर खाली कोकणात, बंदराकडे, आणि परतीला वर खत. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरणार.

अडचण इथेच आहे.

गाडी: पुढे दोन डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनं, मागे ४० बीसीएन (बंद) वाघिणी, प्रत्येकी ८१ टन, शेवटी ब्रेकव्हॅन. इंजिनं धरून ३५०० टन. घाटात मी २० ची मर्यादा ठेवलीय. कोयनानगरला ब्रेक टेस्ट होते, सगळं ठीक दिसतं. बोगदा क्रमांक १ च्या तोंडाशी बीपी (ब्रेक पाइपचा दाब, तो कमी केला की ब्रेक लागतो) ५ वरून ४.४ वर आणतो, डायनॅमिक ब्रेक (इंजिनाच्या मोटरींनीच वेग रोखणारा) पूर्ण लावतो. वेग १८ ला येतो, थोडा वाढतो. मग बीपी ४.० करतो. गाडी सावकाश होत १२ वर येते. आता घाटातच थांबेल म्हणून ब्रेक जरासा सैल करावा, बीपी ४.३ वर न्यावा, असं करायला गेलो की सगळ्या वाघिणींच्या ब्रेक सिलिंडरचा दाब शून्य होतो. जरासा नाही, पूर्ण शून्य. मिनिटभरात वेग ३०. पुन्हा ब्रेक लावला तर पहिल्याइतका लागत नाही. तिसऱ्या वेळी त्याहून कमी. दुसऱ्या वळशापाशी गाडी ७० ला असते आणि पोफळीच्या यार्डातून ९० च्या वर तशीच निघून जाते. काल रात्री तिसऱ्यांदा हे झालं. शिरगावच्या पुढे सपाटीवर गाडी थांबली आणि मी बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसलो.

तीन प्रश्न:

पहिला, हा दोष वाघिणींच्या फाईलचा, माझ्या चालवण्याचा की अलाइनमेंटचा? अलाइनमेंटचा असेल तर घाट लांबवून १:५० करायची तयारी आहे, पण मग चार महिन्यांचं बोगद्यांचं काम वाया जाईल.

दुसरा, चढताना बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) किती लावायचे याचा हिशेब कसा करतात?

तिसरा, कॅच सायडिंग (सुटलेली गाडी वळवून थांबवायची बाजूची लाईन) ओपन रेल्समध्ये खऱ्यासारखी चालवता येते का?

वाघिणी मी मूळ मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनलेल्या एका जुन्या संचातून घेतल्यात, चित्रं बदलून.

प्रतिसाद १

स्क्रीनशॉट बघितले, हेळवाकचा पूल फार सुरेख झालाय. आम्ही कराडचे, त्यामुळे प्रीतिसंगमाच्या बाजूनं लाईन कशी बाहेर काढलीत ते बघायची उत्सुकता आहे.

एक विचारते. वाघिणीच्या फाईलमध्ये ब्रेक इक्विपमेंटच्या ओळीत काय लिहिलंय? आणि बीपीचा मूळ दाब किती दिलाय?

धागाकर्ता

धन्यवाद ताई. आत्ता उघडून बघितलं. ब्रेक सिस्टिम 'एअर सिंगल पाइप' आहे. इक्विपमेंटमध्ये 'ट्रिपल व्हॉल्व्ह' आणि ऑक्झिलरी रिझर्व्हायर. कमाल दाब ९० पीएसआय.

प्रतिसाद १

मग सापडलं. या वाघिणींचं अंग आपलं आहे, पण ब्रेक अमेरिकन मालगाडीचे आहेत.

अमेरिकन मालगाडीतला ट्रिपल व्हॉल्व्ह डायरेक्ट रिलीजचा असतो. बीपीचा दाब थोडा जरी वाढला तरी त्याला ब्रेक सोडायचा हुकूम मिळाला असं तो समजतो आणि सिलिंडर पूर्ण रिकामा करतो. थोडा सैल असा प्रकार त्याच्याकडे नाही. सिलिंडर रिकामा झाला की वाघिणीवरची ऑक्झिलरी टाकी परत भरायला वेळ लागतो, कारण ती बीपीमधूनच भरते आणि तुमच्या गाडीत अशा ४० टाक्या आहेत. ती भरायच्या आत तुम्ही पुन्हा ब्रेक लावता, म्हणून दुसरा ब्रेक अर्धाच लागतो आणि तिसरा त्याहून कमी. तिकडे घाट उतरताना यासाठीच गाडी थांबवून वाघिणींवर रिटेनर (सिलिंडरमधला थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह) लावायची पद्धत होती. ओपन रेल्समध्ये रिटेनरची सोय आहे तीही त्यांच्यासाठीच.

आपल्याकडच्या एअर ब्रेकच्या वाघिणींवर डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह असतो, बीसीएनवर बहुतेक सी३डब्ल्यू. त्याला स्वतःची एक छोटी कंट्रोल रिझर्व्हायर असते, त्यात मूळ ५ किलोचा दाब कोंडलेला असतो. व्हॉल्व्ह बीपीची तुलना सतत त्या दाबाशी करतो. बीपी ४.० वरून ४.३ वर आणला तर ब्रेक तेवढ्याच प्रमाणात सैल होतो, पूर्ण सुटत नाही. बीपी परत जवळजवळ ५ ला पोचल्याशिवाय सिलिंडर पूर्ण रिकामा होतच नाही आणि तोवर टाकीही भरत आलेली असते. तुम्ही जसं चालवत होता ते आपल्या वाघिणींसाठी बरोबरच होतं.

करायचं एवढंच. इक्विपमेंटच्या ओळीत ट्रिपल व्हॉल्व्ह काढून डिस्ट्रिब्युटर लिहा. दाब ९० ऐवजी साधारण ७१ पीएसआय करा, म्हणजे ५ किलो. इंजिनाच्या फाईलमधला दाबही जुळवा, नाहीतर ब्रेक नीट काम करणार नाहीत. फाईलला हात न लावता नुसतं करून बघायचं असेल तर ओपन रेल्सच्या पर्यायांमध्ये ग्रॅज्युएटेड रिलीजची खूण आहे, ती करा. पण कायमचा उपाय फाईलमध्येच करा, म्हणजे तुमचा मार्ग दुसऱ्या कुणी चालवला तरी गाडी तशीच वागेल.

प्रतिसाद २

ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी निवृत्त लोको पायलट. नोकरीतली बरीच वर्षं घाटसेक्शनला काढली. सिम्युलेटर माझा नातू खेळतो, त्याने हा धागा दाखवला. तुमचे नकाशे दोनदा बघितले. तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, वळणं. चढाची मोजणी वळण सोडून करायची नसते. ब्रॉडगेजला वळणाच्या प्रत्येक अंशामागे ०.०४ टक्के चढ कमी करतात. १७५० ला त्रिज्येने भागलं की अंश मिळतात. तुमची ३५० मीटरची वळणं म्हणजे ५ अंश, म्हणजे ०.२ टक्के. १:३७ म्हणजे २.७ टक्के. वळणावरही तुम्ही तोच ठेवलाय, त्यामुळे वर चढणाऱ्या गाडीला तिथे २.९ टक्के, म्हणजे १:३४ ते १:३५ चा चढ लागतो. वळणांवर १:४० करा. सगळा घाट वळणांचा धरला तरी लांबी दीड किलोमीटरच वाढेल. बोगदे हलवायची गरज पडू नये, दोन वळशांच्या टोकांनाच ताण द्या. १:५० ची अजिबात गरज नाही. तसा घाट इंग्रजांनाही मिळाला नव्हता. भोर घाट १८६३ ला सुरू झाला तेव्हा मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी एका दिशेने चढायची आणि तोंड फिरवून पुढे निघायची. ते मोडून नवी अलाइनमेंट यायला साठेक वर्षं लागली.

दुसरी, बँकर. हिशेब तोंडी करता येतो. १:३७ ला टनामागे २७ किलो ओढ लागते, चाकांचं आणि वळणाचं मिळून आणखी ३ धरा, म्हणजे ३० किलो. तुमची ३५०० टनांची गाडी भरून वर न्यायची तर १०५ टन ओढ हवी. डब्ल्यूडीजी-४ सुटताना ५४ टनांच्या आसपास ओढतं, पण चढ चढत राहताना ४० च धरा. दोन इंजिनांचे ८० झाले. एक बँकर लावला की १२०, आणि बँकरचं स्वतःचं वजन धरूनही गरज १०९ ची, म्हणजे कोरड्या रुळावर हिशेबाने एक पुरतो. पण हाताशी फार राखीव उरत नाही, म्हणून दोन धरा. पावसाळ्यात रूळ ओले असताना तर चार इंजिनांशिवाय मी कुंभार्लीसारख्या जागी गाडी सोडली नसती. पोफळीला बँकरसाठी वेगळी लाईन ठेवलीत का? नकाशात दिसली नाही. कर्जतला जशी बँकरची सोय आहे तशी तिथे हवी. नाहीतर बँकर मेन लाईनवर उभे राहतील आणि तुमचं टाइमटेबल तिथेच अडेल.

तिसरी गोष्ट उतरण्याची. बँकर फक्त चढायला असतात असं समजू नका, उतरताना त्यांचा डायनॅमिक ब्रेक कामाला येतो. १:३७ ला गाडी धरून ठेवायला टनामागे २५ किलो लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला ८७ टन. दोन इंजिनांचा डायनॅमिक ब्रेक याला पुरणार नाही, उरलेलं सगळं वाघिणींच्या ब्रेकब्लॉकवर येतं. घाटाच्या मध्यावर ब्लॉक तापलेले असतात. खाली उतरलेल्या गाडीशेजारी उभं राहिलं की जळक्या लोखंडाचा वास यायचा आणि अंधारात चाकांच्या कडा लाल दिसायच्या. तो वास मला अजून आठवतो.

धागाकर्ता

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद आईलाही वाचून दाखवला. बँकरची लाईन खरंच नव्हती, काढतो. माझ्या इंजिनाच्या फाईलमध्ये डायनॅमिक ब्रेक २७० किलोन्यूटन धरलाय, म्हणजे दोघांचे मिळून ५५ टन. ८७ ला ३२ कमी. तुम्ही म्हणता तिथेच हिशेब येतो.

कॅच सायडिंगबद्दलही सांगाल का? घाटाच्या मध्यावर मी एक ठेवलीय, डोंगरात चढत जाणारी.

प्रतिसाद २

जागा योग्य आहे, वळशाच्या आधीच हवी. नियम असा की कॅच सायडिंगचा सांधा (गाडीची लाईन बदलणारे रूळ) एरवी सायडिंगकडेच लागलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने त्याच्याआधी उभं राहायचं. गाडी आपल्या ताब्यात आहे हे असं सिद्ध झालं की मगच सांधा मेन लाईनला लागतो आणि सिग्नल ऑफ होतो, म्हणजे पुढे जायची परवानगी मिळते. सुटलेली गाडी थांबूच शकत नाही, म्हणून ती आपोआप डोंगरात जाते. लोको पायलटने स्वतः काही ठरवायचं नसतं.

प्रतिसाद ३

यातला सिग्नलचा भाग मी सांगतो, माझ्या कॅसलरॉक–कुळे मार्गावर केलाय. ओपन रेल्सच्या सिग्नल स्क्रिप्टमध्ये अ‍ॅप्रोच कंट्रोलची सोय आहे. त्यात अंतर आणि वेग दोन्हीची अट घालता येते. गाडी सिग्नलपासून ठरावीक अंतरात आली आणि वेग ठरवलेल्या मर्यादेच्या खाली असला तरच सिग्नल ऑफ होतो. मर्यादा मी अगदी चालण्याच्या वेगाइतकी ठेवलीय. सिग्नल ऑफ होईपर्यंत पुढचा रूट गाडीसाठी लागत नाही. मात्र सिग्नल सांध्याच्या अगदी जवळ ठेवू नका. ४० वाघिणींची गाडी थांबायला जागा लागते, शिवाय ती थांबते तिथे उतार असतोच. माझ्याकडे पहिल्यांदा हीच चूक झाली होती.

धागाकर्ता

चार दिवसांनी लिहितोय, कारण वळणांचं काम आधी संपवलं.

ताई, ४० च्या ४० वाघिणी डिस्ट्रिब्युटरवर नेल्या, दाब ५ किलो. काका, वळणांवर १:४० केलं, लांबी १८.६ किलोमीटर झाली आणि फक्त एका बोगद्याचं तोंड हलवावं लागलं. पोफळीला बँकरसाठी दोन लाइनी काढल्या. दोन बँकर मागे ठेवून गाडी उतरवली.

काल रात्री कोयनानगरहून सुटलो. बोगदा क्रमांक १ ला बीपी ४.५, डायनॅमिक अर्धा. वेग १८. पहिल्या वळशावर १५ वर आला तेव्हा बीपी ४.७ केला आणि श्वास रोखून काट्याकडे बघत राहिलो. सिलिंडरचा दाब थोडासाच उतरला आणि तिथेच थांबला. गाडी हळूच १८ ला आली. कॅच सायडिंगच्या सिग्नलला उभी केली, सिग्नल ऑफ झाला, पुन्हा निघालो. पोफळीच्या प्लॅटफॉर्मला एक तास वीस मिनिटांनी लागलो, यार्डात पहिल्यांदाच थांबून.

चिपळूणच्या स्टेशनात शिरताना पहाटेचे चार वाजले होते. आई उठली होती, तिला बोलावून शेवटचा किलोमीटर दाखवला.

आता एकच राहिलंय. काका, मोकळे बँकर पोफळीहून परत कोयनानगरला पाठवताना दोन्ही जोडून एकत्र पाठवतात की पुढच्या चढणाऱ्या गाडीची वाट बघतात? टाइमटेबल त्यावर अडलंय.

प्रतिसाद २

चढणारी गाडी असेल तर तिच्या मागेच लावा, घाटात लाईन मोकळी नसते. तासाभरात गाडी नसेल तर दोन्ही जोडून मोकळे पाठवा. आणि नातवाला मार्ग चालवायचाय, फाईल कधी देताय?

धागाकर्ता

रविवारी देतो काका. पहिली प्रत तुमच्या नातवाला.