मदत हवी आहे: सुट्टीत मुलांना पुस्तकं कशी द्यायची?

जिल्हा परिषदेची शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथीची 23 मुलं. वर्गात दोरीवर पुस्तकं टांगलीत, रोज 20 मिनिटं वाचन, पण सातआठ जण जोडाक्षर आलं की अडतात, 'प्रश्न'चं 'परशन' करून माझ्या तोंडाकडे बघतात. जोडीने वाचून घेतलं तेव्हा जरा फरक पडला. 'किशोर' मासिकाचे जुने अंक, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी ऑनलाइन फुकट आहेत हे माहितीये, पण घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर कामावर, त्यामुळे पीडीएफ नको प्लीज. मागच्या मे महिन्यात 30 पुस्तकं घरी दिली, 11 परतच आली नाहीत. तरी यंदा द्यायचीच आहेत, कपाटात ठेवून काय उपयोग. गावातच, देवळात किंवा एखाद्या ताईच्या घरी पुस्तकांची पेटी ठेवून कुणी केलंय का? नोंद कोण ठेवतं, आणि या सातआठ जणांसाठी जोडाक्षरं नसलेल्या गोष्टी छापील कुठे मिळतील?